विमानतळावरून आलेल्या बसगाड्या

काही माणसांना अडचण दिसली की घाम फुटतो. मला अडचण दिसली की उपाय दिसतो! फुशारकी मारत नाहीये, आमच्या शहर बससेवेच्या ऑफिसात कोणालाही विचारा. टेबलाचा डुगडुगणारा पाय असो, की घरघर करणारा पंखा असो, सगळे माझ्याकडे येतात. त्या पंख्याचा आवाज मी कायमचा बंद केला. आता तो फिरतही नाही, पण तो मुद्दा वेगळा.

मी नियोजन विभागात आहे. नियोजन विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि भिंतीवरचा शहराचा नकाशा. शहरात माणसं उदंड आणि बसगाड्या मोजक्या, इथेच आमचं घोडं पेंड खातं. त्यातून नऊ नंबरची बस म्हणजे तर विचारूच नका! आत शिरलेल्या माणसाला श्वाससुद्धा शेजाऱ्याला विचारून घ्यावा लागतो. एकाने रुमाल काढायला खिशात हात घातला, तर निघाला तो दुसऱ्याच कोणाचा तरी चष्मा. बरं, ज्याचा चष्मा त्याला तो परत घ्यायला हात हलवता येईना. शेवटी ह्यानेच तो त्याच्या नाकावर चढवला!

पण खरं सांगू का, हा प्रश्न मी कधी मनावर घेतला नव्हता. मी सायकलने जातो. प्रश्न मनावर घेतला तो बायकोमुळे.

बायको रुग्णालयात नर्स आहे. दिवसभर वॉर्डात उभी, आणि जाता-येता नऊ नंबरमध्ये उभी. एका संध्याकाळी ती घरी आली आणि दाराशी चपला ठेवायचं लाकडी खोकं आहे ना, त्यावरच टेकली.

"अगं, आत ये की," मी म्हणालो.

"बसू द्या हो जरा. सकाळपासून आत्ता बसलेय."

"गुडघा का?"

"गुडघाच. आज मेट्रनबाई म्हणाल्या, असं लंगडत वॉर्डात चालणार नाही. महिनाभर बघतील, नाहीतर मला खाली भांडारात टाकतील. चादरी मोजायला!"

हे म्हणताना ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. वॉर्ड म्हणजे तिचा जीव. कुठल्या खाटेवरचा पेशंट कुठल्या कुशीवर झोपतो, हे तिला झोपेतही सांगता येईल. आणि चादरी काय, त्या कुठल्याच कुशीवर झोपत नाहीत.

"काहीतरी औषध घे ना. तुम्ही नर्सच तर देता सगळ्यांना."

"औषध एकच. गुडघ्यावर भार टाकून उभं राहायचं नाही. वॉर्डातलं उभं राहणं मी सोडणार नाही. राहता राहिली तुमची बस."

बायकोने आजवर माझ्याकडे ना दागिना मागितला, ना माडीचं घर. मागत काय होती, तर बसायला एक बाक! आणि मी कोण? साक्षात नियोजन विभाग!

"महिन्याच्या आत तुला नऊ नंबरमध्ये बसायला जागा मिळेल," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "तीही खिडकीजवळची!"

"लग्नाच्या वेळीसुद्धा तुम्ही असंच काहीतरी कबूल केलं होतं."

"काय कबूल केलं होतं?"

"ते आता आठवत नाही. पण झालं नव्हतं, एवढं नक्की."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो. मोठे साहेब माणूस सज्जन, पण कुठल्याही कागदाला हात लावण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला.

"साहेब, नव्या बस घेणं आपल्याला झेपणार नाही. आपण जुन्या घेऊ. दुसऱ्यांनी वापरलेल्या, पण धडधाकट!"

"कल्पना चांगली आहे. माझ्यावर काही येणार नाही ना?"

"छे हो साहेब! येईल ते सगळं माझ्यावर."

हे वाक्य बोलताना जीभ कशी झडली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

जुन्या गाड्या म्हटलं की आमच्याकडे एकच नाव, माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. जुन्या गाड्यांचा त्याचा मोठा धंदा आहे. त्याने स्वतःच्या सासऱ्यांना विकलेली मोटार अजून त्यांच्या अंगणात उभी आहे. तिच्यात कोंबड्या राहतात, आणि कोंबड्यांची अजून तरी काही तक्रार आलेली नाही.

"भाऊजी, तुमचं नशीब जोरावर आहे!" मेहुण्याने फोनवरच टाळी वाजवली. "विमानतळवाले जुन्या बस काढतायत. त्या हो, इमारतीपासून विमानापर्यंत नेतात त्या! दोन आहेत. तुमच्यासाठी धरून ठेवतो."

"किती जुन्या आहेत?"

"वय आहे थोडं. पण चालल्यात किती, ते बघा ना! इमारत ते विमान, विमान ते इमारत. जमीन आरशासारखी. ना खड्डा, ना गतिरोधक. एकुलत्या एक लेकरासारख्या लाडात वाढल्यात!"

"माणसं किती मावतात?"

"शंभर! अगदी ऐसपैस!"

शंभर! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी घरी येऊन बायकोला बातमी दिली.

"त्याच्याकडून घेताय?" तिने कपाळावर आठ्या घातल्या.

"तुझाच भाऊ आहे तो!"

"म्हणूनच विचारतेय."

बसगाड्या डेपोत आल्या तेव्हा सगळं ऑफिस बघायला खाली उतरलं. काय रूप होतं! पांढऱ्याशुभ्र, रुंद, नुसत्या काचाच काचा. जमिनीला इतक्या लागून, की पायरीच नाही. नऊ नंबरचे ड्रायव्हरकाका, म्हणजे सगळ्या डेपोचेच काका, गाडीभोवती दोनदा फिरून आले.

"साहेब, हिला दारं दोन्हीकडे आहेत!"

"मग चांगलंच की! एकीकडून चढा, दुसरीकडून उतरा!"

मी दिमाखात आत शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. आत मैदान होतं. मधे खांब, वर धरायला कड्या, आणि अगदी मागच्या कोपऱ्यात दोन छोटी बाकं. बाकी कुठे म्हणजे कुठे टेकायची सोय नाही!

गाड्यांबरोबर आलेल्या मेहुण्याला मी बाजूला घेतलं. "अरे, हिच्यात बाकं कुठे आहेत?"

"विमानापर्यंत जायला बाकं कशाला लागतात, भाऊजी? बसेपर्यंत उतरायची वेळ येते."

"पण तू तर शंभर म्हणालास!"

"तुम्ही विचारलंत मावतात किती. बसतात किती, असं कुठे विचारलंत?"

मी घरी बायकोला एवढंच म्हणालो, "गाडीत जागा भरपूर आहे." त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी फीत कापली आणि ते स्वतः पुढे ड्रायव्हरकाकांजवळ उभे राहिले. मी मागे कंडक्टरजवळ. बस पहिल्या थांब्यावर आली. थांब्यावर नेहमीसारखी झुंबड! काकांनी बटण दाबलं आणि दोन्हीकडची सगळी दारं एकदम उघडली.

आता आमच्या शहरातला माणूस बसमध्ये चढतो म्हणजे काय करतो? तो डोकं खाली घालतो, खांदा पुढे काढतो आणि जीव खाऊन रेटा देतो. समोरून तेवढाच रेटा येणार, हे त्याला जन्मापासून माहीत असतं. त्या दिवशी समोरून काहीच आलं नाही! आत सगळं मोकळं मैदान! त्यात आमचा कंडक्टर सवयीने ओरडला, "पुढे सरका! चला, चला, पुढे सरका!"

लोक पुढे सरकले. सरकत सरकत डावीकडून आत आले आणि उजवीकडून रस्त्यावर उतरले!

नशीब, चौकातल्या पोलिसाने तेवढ्यात वाहनं थांबवली होती. सगळे रस्त्याच्या मधोमध उभे राहून इकडेतिकडे बघत होते. एक आजोबा खूश होऊन म्हणाले, "आलो का आपण? वा! काय वेग आहे!" तेवढ्यात दारं मिटली आणि बस निघाली. आत मोठे साहेब, मी आणि कंडक्टर.

"गर्दी खरंच कमी झाली हो," साहेब मागे वळून बघत म्हणाले. "पण माझ्यावर काही येणार नाही ना?"

पुढच्या थांब्याच्या आत आम्ही उजवीकडची दारं दोरीने बांधून टाकली. पण दुसरं एक प्रकरण दोरीने बांधता येण्यासारखं नव्हतं. दारं मिटली की छतातून एका बाईंचा मधाळ आवाज यायचा. "आपलं स्वागत आहे. कृपया आपला बोर्डिंग पास हातात तयार ठेवा. झालेल्या विलंबाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत." विमानतळवाल्यांनी बसवलेली ती टेप कुठून बंद होते, हे काकांना सापडेना, मेहुण्याला सापडेना आणि मी शोधायला गेलो तर आवाज मोठा झाला.

पहिल्यांदा ते ऐकून सगळ्यांनी माना वर केल्या. मग भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी पदराने डोळे टिपले.

"काय झालं हो ताई?" कंडक्टरने विचारलं.

"काही नाही. इतकी वर्षं या बसने जातेय. दिलगीर आहोत असं आज पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं!"

झालं! बातमी शहरभर पसरली. नऊ नंबरची बस माफी मागते, हे ऐकायला सात नंबरवाले नऊ नंबरला येऊ लागले. सात नंबरची बस माफी मागत नाही म्हणून तिच्या ड्रायव्हरला लोक टोमणे मारू लागले. दोन कुटुंबं मोठ्या बॅगा घेऊन थांब्यावर हजर झाली, कारण नऊ नंबर आता विमानापर्यंत जाते म्हणे! आणि पासच्या खिडकीवरच्या बाई माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "हा बोर्डिंग पास कुठल्या खात्यात येतो? सकाळपासून लोक फोटो घेऊन रांगेत उभे आहेत! त्यांना काय देऊ?"

"मासिक पास द्या."

"तो नकोय त्यांना! बसमधल्या बाईंनी सांगितलेलाच पाहिजे!"

थोडक्यात काय, गर्दी कमी करायला गेलो आणि नऊ नंबरची गर्दी दुप्पट करून ठेवली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

त्यातून आणखी एक भानगड. नव्या गाड्या सुरुवातीला फक्त बाजारापर्यंतच जायच्या. पुढे रुग्णालयाला जायला लोकांना उतरून जुनी बस धरावी लागायची. म्हणजे बायको आधी एका बसमध्ये उभी राहत होती, आता दोन बसमध्ये उभी राहू लागली. रात्री नुसती गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसायची. महिना संपत आला होता. शेवटी मीच विचारलं.

"मेट्रनबाई काय म्हणतात?"

"सोमवारी सांगतील," ती म्हणाली. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. चादरी मोजायचं कामही कोणीतरी करायलाच हवं ना."

तिने ओरडायला हवं होतं. भांडी आपटायला हवी होती! मला निदान रागवता तरी आलं असतं. ती अशी समजूतदारपणे बोलली आणि मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे हटून बसलो. नऊ नंबर थेट रुग्णालयापर्यंत न्यायचीच! आणि सोमवारी मी स्वतः बायकोबरोबर बसने जाणार, आत घुसणार, मागचं बाक धरणार आणि तिला बसवणार. बघू कोण आडवं येतं! साहेब म्हणाले, तेही पाहणीला येतील.

सोमवारी बस आली. मी डोकं खाली घातलं, खांदा पुढे काढला आणि मुसंडी मारली. गर्दीतून वाट काढत मागच्या बाकापर्यंत पोचलो, त्यावर माझी पिशवी टाकली आणि विजयी मुद्रेने बायकोला हाक मारायला वळलो. परत बघतो तर पिशवीवर एक आजीबाई बसलेल्या!

"तुझी का रे बाळा पिशवी? छान मऊ आहे हो."

त्या पिशवीत माझा डबा होता. आता आजीबाईंना ऊठ कसं म्हणणार? बायको लांब खांबाला धरून, सगळं वजन एका पायावर टाकून उभी होती. तिने माझ्याकडे बघून 'राहू द्या' अशी खूण केली. छतातल्या बाई म्हणाल्या, "आम्ही मनापासून दिलगीर आहोत." त्या एकट्याच नव्हत्या!

बस बाजार ओलांडून पुढे गेली. शहराचा हा भाग नकाशावर मी रोज बघतो. रस्ता अगदी सरळ आहे. आता भिंतीवरच्या नकाशात चढ दिसत नाही, याला मी काय करू? रुग्णालय टेकडीवर आहे! जुन्या गाड्या धापा टाकत का होईना, तो चढ चढायच्या. आमची लाडकी लेक त्या चढाला लागली, गुरगुरली, कुरकुरली आणि अर्ध्यावर जाऊन ठप्प!

काकांनी कचकन ब्रेक दाबून धरला. "साहेब, हिने जन्मात चढ पाहिलेला नाही!"

मला मेहुण्याची ती 'आरशासारखी जमीन' आठवली आणि त्याच्या सासऱ्यांच्या कोंबड्याही आठवल्या.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"वजन कमी करायला पाहिजे. सगळ्यांनी उतरा. आणि उतरलाच आहात तर ढकला!"

लोक कुरकुरत उतरू लागले. कोणाला दुकान उघडायचं होतं, कोणाला पेशंटला डबा पोचवायचा होता. बायकोही खांब सोडून दाराकडे निघाली. एक पाय टाकला आणि तिच्या तोंडून 'आई गं' निघालं. बाकावरच्या आजीबाई ताडकन उठल्या.

"अगं, तू तर आमच्या वॉर्डातली सिस्टर! तू कुठे उतरतेस? गेल्या वर्षी माझं हाड मोडलं, तेव्हा माझा हात धरून तूच मला पहिलं पाऊल टाकायला लावलंस. बस इथे!"

"आजी, तुम्ही बसा हो. मी उतरते."

"माझा पाय आता ठणठणीत आहे. तूच केलास ना! चल, बस बघू."

आजीबाईंनी तिला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः खाली उतरल्या. दाराशी एक दाढीवाला माणूस थांबला होता, तो म्हणाला, "सिस्टर, बसा तुम्ही. माझ्या पोराला तुम्हीच सांभाळलं होतं." मग भाजीच्या पिशवीवाल्या त्या ताईही तसंच म्हणाल्या. मग आणखी कोणीतरी. मी नियोजन विभागात इतकी वर्षं आहे, पण नऊ नंबरमधल्या निम्म्या माणसांना माझी बायको ओळखते, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि यातल्या एकालाही तिचा गुडघा दुखतो हे माहीत नव्हतं, कारण गर्दीत कोणाला कोणाचा पाय दिसतो?

रडायलाही सवड नव्हती. मी मागे गेलो आणि बसला खांदा लावला.

एका बाजूला दाढीवाला, दुसऱ्या बाजूला मोठे साहेब, पाठीमागे अख्खं नऊ नंबर. आजीबाई बाजूला उभ्या राहून "एक, दोन, हं!" असं ओरडत होत्या. आणि कंडक्टरला शेवटी योग्य जागी ओरडायला मिळालं. "पुढे सरका! चला, चला, पुढे सरका!"

साहेब लालबुंद झाले होते. धापा टाकत त्यांनी मला विचारलं, "माझ्यावर काही... येणार नाही ना?"

"जोर लावा साहेब! नाहीतर बस येईल!"

बस इंचाइंचाने चढत होती. आत एकच प्रवासी. मागच्या काचेतून मला तिची फक्त पाठ दिसत होती. ताठ, शांत, टेकून बसलेली. इतक्या वर्षांत मी तिला असं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. खिडकीही मिळाली होती! महिन्याच्या आत!

टेकडीवर पोचलो तेव्हा रुग्णालयाच्या फाटकाशी मेट्रनबाई उभ्या होत्या. आमची वरात बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. बायको बसमधून उतरली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. लंगडत नव्हती! चेहरा असा टवटवीत, जणू सुट्टीवरून आलीय. मेट्रनबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"गुडघा बरा दिसतोय."

"हो मॅडम. आज बसून आले ना."

"मग असंच बसून येत जा रोज. जा, वॉर्डात जा. सहा नंबरचे आजोबा तुझ्याशिवाय गोळी घेत नाहीयेत."

मी फाटकाच्या कट्ट्यावर आडवा झालो होतो. खांदा बधिर, सदऱ्याचं एक बटण कुठेतरी त्या चढावर. पण मनात काय वाटत होतं म्हणून सांगू! बायको माझ्याजवळ आली, वाकली. आता ही कौतुक करणार, डोळे भरून बघणार, निदान पाणी तरी विचारणार, असं वाटलं.

"ऐकलंत ना मेट्रनबाई काय म्हणाल्या? रोज बसून यायचंय," ती हळूच म्हणाली. "तेव्हा उद्यापासून सायकल राहू द्या घरी. आणि अहो, ढकलताना जरा हिसके कमी द्या. गुडघ्याला लागतात."